टिक्केसाहेब

घरात दूध तापायच्या आत फोन वाजला की बायको तो न बघताच माझ्याकडे सरकवायची. ‘घ्या, तुमचे टिक्केसाहेब.’ पलीकडून राम राम नाही, तब्येतीची चौकशी नाही. एकच प्रश्न : ‘ओव्हरसियर, पान सुकलं का?’

मी अंथरुणात. माझ्या अंथरुणात कसलं आलंय पान? तरी ‘बघून सांगतो’ म्हणायचो आणि कूस बदलायचो. थोड्या वेळानं परत फोन. तेव्हा मात्र उठावंच लागायचं, कारण नाही उठलं तर ते स्वतः एसटीनं यायचे आणि दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तेच विचारायचे.

मी कळंब तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात ओव्हरसियर. कारखान्याचं नाव नको, नोकरी अजून चालू आहे. उसाच्या नोंदी, तोडीच्या तारखा, टोळ्यांची भांडणं, अडकलेले ट्रॅक्टर, एवढ्यातच माणूस पिकून जातो. त्यात एका वर्षी कारखान्याच्या डोक्यात बीट शिरलं. ऊस पाणी फार पितो, बीट पाच महिन्यांत उरकतं, रसाचं इथेनॉल होतं, असं सगळं सभेत सांगून झालं. शिकवायला कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आणले. पिकांचे रोग हा त्यांचा विषय. ते आले आणि माझ्या गळ्यात पडले, कारण विभागातली चालू स्थितीतली मोटारसायकल फक्त माझी होती. साहेबांना गाडी चालवता येत नव्हती. मागं बसून माझा खांदा दाबला की मी ब्रेक दाबायचा, असा आमचा कारभार.

हे बीट कोशिंबिरीतलं नव्हे. हे पांढरं, जाडजूड, मुळ्याचा थोरला भाऊ म्हणावं असं. पहिल्या वर्षी एका गावच्या सरपंचानं उपटून हातात धरलं, उलटंसुलटं केलं आणि मला विचारलं, ‘ह्ये लाल कधी हुणार?’ होणार नाही म्हटल्यावर त्याचा बीटावरचा जीवच उडाला.

आणि या बीटाला आमच्याकडं रोग आला तो टिक्का. भुईमुगाला येतो त्यातलाच. पानावर बारीक गोल ठिपके, मध्ये राखाडी, कडेनं तांबूस. आधी बुडातल्या पानांवर दोनचार, मग अंगभर, मग पान भाजल्यासारखं होऊन गळतं. साहेब उठता बसता टिक्का टिक्का करायचे म्हणून लोकांनी त्यांचं नावच ते पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. रस्त्यावरची पोरं ‘ओ टिक्केसाहेब’ ओरडली की हात वर करून पुढं जायचे.

पान सुकण्याची चौकशी का, तर ही बुरशी ओल्या पानावर रुजते. दव पडलं, पाऊस भुरभुरला, आभाळ आलं आणि पान उशिरापर्यंत ओलं राहिलं की समजायचं, टिक्का येतोय. मग बुडातल्या पानांवर पहिला ठिपका दिसताच फवारा. गळायला लागल्यावर मारलेला फवारा म्हणजे औषध दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाला आहेर, असं ते म्हणायचे. ओल बघायला इतर लोक हात लावतील. साहेब वाकून गाल लावायचे. हाताची कातडी राठ झालीय, गाल खोटं बोलत नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळं सकाळी त्यांची एक बाजूची मिशी कायम ओली असायची आणि गालाला माती. चहाच्या टपरीवर माणसं त्यांच्याकडं बघायची आणि मग माझ्याकडं, जणू मीच त्यांना असं सोडलंय.

एकदा एका गावात आम्ही दहाव्याला गेलो होतो. बीटवाल्या शेतकऱ्याचे वडील गेलेले. मुंडण केलेला मुलगा समोर बसलेला, बायका आत रडतायत. साहेब त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, डोळे खरंच भरलेले होते त्यांचे, आणि हळूच म्हणाले, ‘पान सुकलं का?’ मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तो मुलगा डोळे पुसत म्हणाला, ‘न्हाय साहेब अजून. आज धुई लई हुती.’ मग दोघं बराच वेळ धुक्यावर बोलत बसले. रडणं थांबलं त्याचं. मी मात्र घरी येईपर्यंत साहेबांशी बोललो नाही.

बुडातली पानं बघायची म्हणजे साहेब सरीत पोटावर झोपायचे. सांगून झोपावं ना! मी बांधावर मोबाइलवर बोलत होतो तेवढ्यात रस्त्यानं उसाची गाडी घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरनं त्यांचे पाय बघितले. त्यानं ट्रॅक्टर तिथंच उभा केला आणि बोंब ठोकली, ‘माणूस पडलाय! पान लागलं वाटतं!’ पान लागणं म्हणजे आमच्याकडं साप चावणं. आजूबाजूच्या रानातून माणसं धावली. कुणी दोरी आणली, कुणी मिरची चघळायला द्या म्हणालं. चौघांनी उचललं तेव्हा साहेब कळवळून ओरडले, ‘अरे, सोडा! तिसऱ्या पानावर आहे, तिसऱ्या पानावर!’ ते ऐकून उचलणाऱ्यांनी त्यांना आणखी घट्ट धरलं. रस्त्यावर ट्रॅक्टरांची ही रांग. त्याचा जाब कारखान्यात मला विचारला गेला.

चाकवतावर त्यांचा डोळा होता. चाकवत म्हणजे बीटाचा भाऊबंद, टिक्का त्याच्यावर मुक्काम करतो. पण आमच्याकडं बांधावरचा चाकवत म्हणजे बायकांचा हक्काचा माल. साहेब दिसेल तिथून तो उपटायचे आणि बायका त्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. उपटलेला फेकायचा तरी कुठं? तर पिशवीत भरून कळंबला खोलीवर न्यायचे आणि भाजी करून खायचे. एकटेच राहायचे. घर तुळजापूरला, पुजाऱ्यांचं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशात. डब्यात रोज ताकातला चाकवत, आणि तो मला आग्रहानं. ‘घ्या ओव्हरसियर, रोगनियंत्रण चाललंय आपलं.’ मला अजून चाकवत बघवत नाही.

दुकानदारांशीही त्यांचं जमायचं नाही. टिक्का म्हटलं की दुकानातून माणूस पाच बाटल्या घेऊन निघतो : एक बुरशीचं, एक किडीचं, दोन टॉनिकं आणि एक कशाचं ते दुकानदारालाही माहीत नसतं. सगळं एकाच पंपात. ‘म्हणजे एकाच पंपात सगळा दवाखाना,’ साहेब म्हणायचे. आणि गुण आला तर तेच औषध परत परत. त्यावर ते चिडायचे. ‘एकच औषध लागोपाठ मारू नका. टिक्का शिकतो. तुमच्या आमच्यापेक्षा लवकर शिकतो.’ लोक हो म्हणायचे आणि त्याच दुकानात जायचे. सांगून सांगून माझा घसा बसला, त्यांचा कसा बसत नव्हता कोण जाणे.

सुमनबाईचं रान रस्त्याला लागून. नवरा पुण्यात एका कंपनीत वॉचमन, शेती ती आणि दीर बघायचे. दिराला सगळीकडं ऊस हवा होता. सुमनबाईला ऊस नको होता. तिचं म्हणणं, ऊस लावला की बाईमाणसाला रानात काही विचारायचं उरत नाही, पाणी धरणारा दीर आणि तोडणारी टोळी. साहेबांनी बीटाचं सांगितलं आणि तिनं एका एकरात टोकलं. दीर चारचौघांत म्हणाला, ‘करून बघू द्या वैनीला. गोड निघालं तर त्या एकरात तिचं राज. न्हाय निघालं तर फुडल्या साली म्या ऊस लावणार, मग बोलायचं न्हाय.’ सुमनबाई म्हणाली, ‘न्हाय बोलणार.’

पंचमीच्या आधी टोकलेलं बीट. परतीचा पाऊस रेंगाळला, धुई पडली, टिक्का आला. साहेबांनी त्या एकराला जपलं ते घरच्या आजाऱ्याला जपावं तसं. औषधं आलटून पालटून, पानांच्या खालून, वेळेवर. टिक्का आटोक्यात राहिला, पण पुरता गेला नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा बीट भरलेलं होतं आणि वरचा पाला ठिपक्यांनी विटलेला. साहेब म्हणाले, आता काढा.

पण कारखान्यात मुंबईचे पाहुणे येणार होते. बीटाची शिवारफेरी, रस्त्यालगतचं रान म्हणजे सुमनबाईचंच. तारीख ठरली, पुढं गेली, परत ठरली, परत पुढं गेली. चेअरमननी हुकूम काढला : पाहुणे येईपर्यंत बीटाला हात लावायचा नाही, आणि तोवर रान हिरवं दिसलं पाहिजे.

साहेब मला घेऊन चेअरमनकडं गेले. म्हणाले, ‘जुनी पानं गळतायत. आता बीट नवी पानं फोडणार. ती कशावर फोडणार? खाली साठवलेल्या साखरेवर. वरून हिरवंगार होईल आणि खाली पाणचट. लोक म्हणतील, सावरलं. अहो, घर विकून मांडव घातलाय त्यानं.’

चेअरमननी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘साहेब, पाहुन्यास्नी वरचंच दिसतंय.’

दुसऱ्या दिवशी सुमनबाईच्या बांधावर युरियाची पोती येऊन पडली. हिरवं करायला. साहेबांनी ती बघितली आणि त्यांच्यावर जाऊन बसले. तिथंच डबा खाल्ला, तिथंच पेपर वाचला. युरिया टाकायला आलेला माणूस विचारायचा, ‘साहेब, कुटवर बसायलाव?’ ते म्हणायचे, ‘तुम्ही जाईपर्यंत.’ मी गाडीला टेकून उभा. मला खरं सांगायचं तर दोघांचाही कंटाळा आला होता, चेअरमनचाही आणि साहेबांचाही. एका एकर बीटासाठी माणसानं किती तोंडी लागावं?

युरिया पडला नाही, पण नवी पानं मात्र फुटायला लागली. कोवळी, चकचकीत. येणारा जाणारा म्हणायचा, वा, काय बीट आहे! सुमनबाईलाही तेच वाटत होतं. साहेबांनी तिला एक बीट कापून चाखायला दिलं. मग चार दिवसांनी दुसरं. ते जरा कमी गोड लागलं, तिचा चेहरा उतरला. म्हणाली, ‘काढायचं तर मानसं कुटनं आनू? समद्या टोळ्या कारखान्याच्या उसात. कारखान्याचा हुकूम मोडून कोन यील?’

ते खरंच होतं.

मग येळवस आली. आमच्याकडची येळवस बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी रानात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, पालेभाज्या आणि शेंगदाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. ओळखीचा दिसला की ओढून जेवायला बसवायचं. सुमनबाईच्या रानात तिचे भाऊ, भावजया, नणंदा, दिराचे मित्र, कुठले कुठले पाहुणे. आम्ही दोघंही होतो. साहेबांचं जेवणात लक्ष नव्हतं. उंडा हातात तसाच, नजर माणसांवर फिरतेय.

‘ओव्हरसियर,’ ते म्हणाले, ‘आज केवढे हात आहेत या रानात.’

ते दिरानं ऐकलं. तो ताडकन म्हणाला, ‘साहेब, आज येळवस हाय. आज रानाला लोखंड लावत न्हाईत. तुळजापूरचे ना तुमी? येवढं बी सांगावं लागतंय व्हय?’

साहेब लाजले. मी त्यांना कधी लाजलेलं बघितलं नव्हतं. ‘चुकलं माझं,’ म्हणाले आणि मान खाली घालून जेवायला लागले. मला फार वाईट वाटलं. आता संपलं, असं मनात आलं. पाहुणे येणार, फोटो निघणार, बीट पाणचट निघणार आणि या एकरात ऊस उभा राहणार.

सुमनबाई वाढत होती. तिनं भज्जीचं पातेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि बीटात शिरली. एका बीटाचा पाला दोन्ही हातांनी मुळाशी धरला, पाय रोवले आणि उपसलं. काळ्या मातीसकट बीट बाहेर आलं. मातीत वाफसा होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, तिनं आधीच पाणी सोडून ठेवलं होतं.

‘लोखंड कुटं लावलंय?’ ती दिराला म्हणाली. ‘हात हायत.’

सगळ्यांचे डोळे कोपीतल्या म्हाताऱ्याकडं, तिच्या सासऱ्याकडं. म्हातारा आंबील पीत होता. त्यानं गाडगं खाली ठेवलं, तोंड पुसलं. ‘भज्जीची भाजी काय विळ्यानं कापून आनली व्हय सकाळी? हातानंच खुडली की. हाताला कोन न्हाय म्हनलंय?’

तिचे भाऊ उठले. मग भावजया उठल्या. नव्या साडीतली एक नवी नवरी उठली, तिला सगळ्यांनी बस म्हटलं तरी ती बसली नाही. जेवणं अंगावर आलेली, वरती ऊन, आणि माणसं वाकून वाकून बीट उपसतायत, पाला पिरगाळून बांधाला टाकतायत, हसतायत, पडतायत. मी कारखान्याचा माणूस, खरं तर अडवायला हवं होतं. मी चप्पल काढली आणि एक सरी धरली. शेजारच्या सरीत साहेब. ते प्रत्येक बीट उपसल्यावर त्याच्याकडं थोडा वेळ बघायचे, त्यामुळं सगळ्यांच्या मागं पडले. दीर बराच वेळ बांधावर बसून होता. उन्हं कलली तेव्हा उठून त्यानं स्वतःचा ट्रॅक्टर आणून लावला.

कारखान्याच्या गेटवर दुसऱ्या दिवशी मोठी बोलाचाली झाली. पण उपटलेलं बीट परत पुरता येत नाही, म्हणून शेवटी घेतलं. प्रयोगशाळेतल्या केमिस्टनं साखर बघितली, यंत्र पुसून परत बघितली आणि बाहेर येऊन म्हणाला, गोड आहे, चांगलं गोड आहे. दिरानं ट्रॉलीतल्या एका बीटाचा तुकडा तोडून खाल्ला. चावत चावत म्हणाला, ‘वैनीचं रान झालं ते,’ आणि ट्रॅक्टर चालू केला.

पुढच्याच आठवड्यात पाहुणे आले. रस्त्यालगत उघडी काळी जमीन. तेरखेड्याहून आणलेले फटाके आणलेत म्हणून वाजवले. चेअरमननी पाहुण्यांना दुसरीकडचा ऊस दाखवला. संध्याकाळी साहेबांना सांगण्यात आलं, उद्यापासून यायची गरज नाही. बीटाची योजनाही तिथंच थांबली. सुमनबाईच्या बीटाची गोडी कुणी विचारात घेतली नाही. मी तरी कुणाला सांगणार होतो?

साहेब तुळजापूरला गेले असतील असं मी धरून चाललो. तीन-चार दिवसांनी उसाच्या कामानं त्या रस्त्यानं जात होतो तर सुमनबाईच्या रानात वाकलेला माणूस. साहेब. खोल चर खणलेला, आणि येळवशीला बांधाला टाकलेला तो ठिपक्यांचा पाला ते फावड्यानं चरात ओढत होते. सुमनबाई वरून माती लोटत होती. या वयात, त्या उन्हात, एसटीनं येऊन.

मी गाडी लावली आणि माझं डोकंच फिरलं. म्हणालो, ‘साहेब, नोकरी गेली तुमची. कारखान्यानं बीट बंद केलं. या रानात काय, सगळ्या तालुक्यात आता कुणी बीट लावणार नाही. कुणासाठी गाडताय हा पाला?’

त्यांनी फावडं टेकवलं. दम लागला होता. ‘पाल्यात टिक्का जिवंत राहतो, ओव्हरसियर. दोन-तीन वर्षं राहतो.’

‘राहू द्या ना! कुणाला होणार आहे तो?’

ते माझ्याकडं बघत राहिले, मला खरंच कळत नाहीये का हे जोखत असल्यासारखे. मग म्हणाले, ‘चुकून लावलंच कुणी, तर त्याच्या वाट्याला आपला रोग कशाला?’

सुमनबाईनं दुसरं फावडं माझ्यापुढं केलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सुमनबाई त्या एकरात हरभरा घेते, ज्वारी घेते. ऊस तिनं लावू दिला नाही. साहेबांनी सांगितलेली दोन-तीन वर्षं केव्हाच सरली. रान स्वच्छ आहे. कुणी बीट लावलं तर आमच्याकडून त्याला काही त्रास होणार नाही. मी त्या रस्त्यानं आठवड्यातून एकदा तरी जातो आणि बघतो. अजून कुणी लावलेलं नाही.